अस्वलाच्या फोटोसाठी शिवारात उतरणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गौताळा अभयारण्य, अजिंठ्याचा डोंगर आणि किनवट-माहूरचं जंगल, तसंच या तिन्हींच्या कडेच्या शिवारांत अस्वलाचे फोटो काढायला जाणारे छायाचित्रकार, आणि गावात अस्वल आलं म्हटलं की मोबाईल घेऊन धावणारी सगळी मंडळी

विषय : फोटो कुठून काढायचा, कसा काढायचा आणि कधी काढायचाच नाही

सप्रेम नमस्कार.

मातकट कपडे, तोंडाला फडकं, वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशी जागा आणि पावलाचाही आवाज नाही. पक्षी आणि बिबट्यासाठी हे सगळं तुम्ही मेहनतीने शिकलात. अस्वलासाठी पायी निघणार असाल तर हीच विद्या तुमच्या जिवावर उठेल. अस्वलाचं नाक असं की जमिनीखालची वाळवी त्याला वरून कळते. डोळे आणि कान मात्र बेताचे. त्यात खाताना त्याचं तोंड वारुळात असतं आणि माती फुंकण्या-ओढण्याचा आवाज ते स्वतःच इतका करतं की शांत सकाळी तो शंभर मीटरवर ऐकू येतो. वाऱ्याने तुमचा वास पोचवला नाही, तर तुम्ही वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच नसतो. मग ते एकदम मान वर करतं आणि समोर माणूस. हे वाघाच्या शेजारात वाढलेलं जनावर आहे. इतक्या जवळून गाठ पडली की पाठ दाखवण्यापेक्षा अंगावर जाणं त्याला सोपं वाटतं. पुढच्या पायांची नखं सात-आठ सेंटिमीटरची आणि रोख डोक्याकडे, चेहऱ्याकडे. ‘अस्वल गुदगुल्या करून मारतं’ असं पारावर अजून ऐकू येतं. जखमी माणसाची टाळू एकदा पाहिली की ते कुणी पुन्हा बोलत नाही.

म्हणून पहिला नियम असा की पायी असाल तेव्हा लपायचं नाही. बोलत चला, काठी दगडावर आपटत चला. आणि लपून बसायचंच असेल, तर तुमच्या आणि अस्वलाच्या मध्ये घळ, ओढ्याचं खोल पात्र किंवा सरळ कडा असला पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगरात अशा जागांना तोटा नाही. अलीकडच्या सोंडेवर बसा आणि पलीकडच्या उतारावरचं टिपा.

आता किती लांबून, हा प्रश्न. यात भावना नको, हिशेब करू. अस्वल खांद्याला साधारण ८० सेंटिमीटर उंच. आडव्या चौकटीच्या उंचीत ते पाव भाग भरावं असं धरलं, तर फुल फ्रेमच्या (मोठ्या, ३६×२४ मिमी सेन्सरच्या) हिशेबातली फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, साडेसातने भागायची. आलेला आकडा म्हणजे मीटरमध्ये अंतर. ४०० मिमी असेल तर ५३ मीटर. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० मिमी, म्हणजे साधारण ९००, तर १२० मीटर. मोबाईलच्या पाचपट झूमला, म्हणजे १२० मिमीला, १६ मीटर. आणि मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याला, २६ मिमीला, साडेतीन मीटर. अस्वल ताशी तीस किलोमीटरने सहज धावतं, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. ५३ मीटर कापायला त्याला सहा-सात सेकंद लागतात. जीपचं दार उघडंच असेल तर तेवढ्यात आत बसता येतं. १६ मीटरला दोन सेकंद. साडेतीन मीटरचा हिशेब करायची गरज नाही. मोबाईलवर अस्वलाचा मोठा, ठसठशीत फोटो दिसला, तर एक तर तो पिंजऱ्यातला आहे, किंवा पुढचं कापून मोठा केलेला आहे, किंवा काढणाऱ्याचं नशीब त्या दिवशी जोरावर होतं.

चौकट भरायची हाव सोडली तर चांगले फोटो लांबूनच मिळतात. वारूळ फोडणारं अस्वल साठ मीटरवरून आणि बाजूने घ्या. आधी ते नखांनी वारुळाचा माथा उकलतं, मग जोरात फुंकर मारून सैल माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि ओठांची नळी करून वाळवी ओढतं. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात मुळातच नसतात. त्या फटीतूनच हे ओढणं चालतं. उडालेल्या मातीचा तो ढग उन्हाच्या तिरिपीत जेमतेम एक सेकंद टिकतो. त्यासाठी शटर १/८०० सेकंद ठेवा, नुसतं चालणारं असेल तर १/३२० पुरतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका. काळ्या केसांत दाणे जेवढे दिसतात त्याहून हलल्याची धूसरता जास्त दिसते.

काळ्या जनावरात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर दोन्हीकडून फसतं. अस्वलाने चौकट बरीच भरली असेल तर कॅमेरा काळ्याचं राखाडी करतो. तिथे उजेड पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) कमी करा. वाळलेल्या कुसळीच्या पिवळ्या माळावर ते लहान दिसत असेल तर उलटं होतं. मीटर गवत मोजतं आणि अस्वलाचा नुसता काळा डाग उरतो; तिथे अर्धा स्टॉप वाढवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाईलमध्ये, काढलं तर दोन्ही चुका थोड्याफार सावरतात. ऑटोफोकस काळ्या केसांवर पुढे-मागे फिरत राहतो, डोळा शोधणारी सोयही इथे हात टेकते, कारण काळ्यात काळा डोळा. फोकसचा ठिपका फिकट तोंडाच्या कडेवर किंवा छातीवरच्या पांढऱ्या खुणेवर ठेवा.

उन्हाळ्यात सकाळी आठनंतर नांगरलेल्या काळ्या रानावरून शंभर मीटरचा फोटो काढला तर तो लोण्यासारखा विरघळलेला येतो. लेन्स दुरुस्तीला नेऊ नका, तो जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेचा खेळ आहे. सूर्य उगवल्यापासून पहिला तासभर, तोही उंचावरून. त्यानंतर फोटो सुधारायला म्हणून जवळ जाऊ नका.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की आनंदाने बटण दाबत सुटणारे आम्ही पाहतो. ती पोझ नाही. त्याला तुमचा अर्धवट वास आलाय आणि ते खात्री करून घेतंय. अशा वेळी कॅमेरा खाली, हळू आवाजात बोलणं सुरू, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकणं. फुत्कार, दात वाजवणं, पुढचा पाय जमिनीवर आपटणं यातलं काहीही झालं तर त्या दिवसाचं काम संपलं समजा. पाठीवर पिल्लं असलेली मादी दिसली तर इतकंही थांबू नका. पिल्लं साधारण हिवाळ्यात कपारीत जन्मतात, बहुधा दोन. बाहेर पडल्यावर कित्येक महिने ती आईच्या पाठीवरच फिरतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च कुठल्याही कपारीत बॅटरी मारून पाहू नका. आत कोणी नाही याची खात्री करायचा तो मार्ग नव्हे.

गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद, काच अर्धी, दार मिटलेलं. गाडी कधीही अस्वल आणि डोंगर यांच्या मध्ये उभी करू नका. त्याची परतीची वाट मोकळी असली की ते शंभरातल्या बहुतेक वेळा तिकडेच जातं.

आता गावाजवळचं. इथे आमचं म्हणणं सरळ आहे. गावठाण, वाडी, तांडा, वस्ती किंवा माणसं कामाला असलेलं रान, यांच्या जवळ अस्वलाच्या मागे पायी जायचंच नाही. तुम्ही ते हलवलं की ते कुठे तरी जाणार, आणि तिथे दुसरं कोणी तरी असणार. मार्च-एप्रिलचं घ्या. किनवट-माहूरकडे मोह रात्रभर गळतो. बायामाणसं पहाटे चारला टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. अस्वलही त्याच वेळी, त्याच फुलांसाठी येतं. रोजच्या सवयीने दोघं एकमेकांची झाडं ओळखून असतात. वेचणारी बाई येताना आवाज देते, अस्वल निघून जातं. तुम्ही टॉर्चच्या उजेडात एका झाडाखालून त्याला उठवलंत तर ते चिडून पुढच्या झाडाखाली जातं, जिथे कोणीतरी खाली मान घालून फुलं वेचतंय. तुमचा फोटो चांगला आला असेलही. तेंदूपानाच्या हंगामात, एप्रिल-मेला, हीच गत. सीताफळं पिकू लागली की डोंगराच्या कडेला पुन्हा तेच. कन्नड-सिल्लोड-सोयगावकडे मक्याला कणसं लागली की जागलीला बसलेला माणूस, आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की मोटर चालू करायला बांधावरून एकटा जाणारा माणूस. यातला कोणीही टेलिलेन्सच्या अंतरावर नसतो.

ड्रोनचंही हेच. डोक्यावर घरघर आली की मादी पिल्लं घेऊन आडोशाला पळते, आणि शिवारात आडोसा म्हणजे ऊस किंवा मका. संध्याकाळी त्यात कोण शिरणार आहे, ते तुम्हाला वरून दिसत नाही. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमिष हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. गुळाचा खडा, शेंगदाणे, टेकडीवरच्या देवळापाशी ठेवलेली परडी. ‘खायलाच तर दिलं’ असं म्हणणाऱ्यांनी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या एकदा वाचावी. त्यात मारणं आहे, पकडणं आहे, हाकून नेणं आहे आणि आमिष दाखवणंही आहे. अस्वल पहिल्या अनुसूचीतलं. म्हणजे गुळाचा खडा टाकून फोटो काढणारा कायद्याच्या लेखी शिकारी ठरू शकतो. कोणी कर्नाटकातल्या दरोजीचं उदाहरण देतं, की तिथे खडकांवर गुळाचं मिश्रण लावतात आणि लोक मनोऱ्यावरून बघतात. ते खास अस्वलांसाठी राखलेलं अभयारण्य आहे, लावणारे वनखात्याचे कर्मचारी आहेत, आणि बघणारा लांब मनोऱ्यावर असतो. तुमच्या देवळाच्या मागे पोरं शाळेत जातात. देवळातलं खोबरं आणि समईचं तेल अस्वलाला आधीच माहीत असतं; त्यात तुम्ही रोज गूळ ठेवलात तर महिन्याभरात ते देवळावरून घरापाशी येतं, आणि कडी नसलेल्या स्वयंपाकघराचं दार त्याला काही अडवत नाही. चाळिशीच्या पुढच्यांच्या डोळ्यांसमोर दरवेशाचं अस्वल असतं, म्हणून भीती कमी वाटते. त्याच्या नाकात वेसण होती आणि दात काढलेले होते.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, हा खरं तर अस्वलासाठी सगळ्यात चांगला मार्ग, आणि यावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात मराठवाड्याच्या उन्हाची गंमत आहे. वनजमिनीवर लावायचा तर लेखी परवानगी घ्या. अभयारण्यात फोटोसाठी जायलाच परवाना लागतो. स्वतःच्या रानात लावलात तरी वनरक्षकाला सांगून ठेवा, म्हणजे उद्या चोरी किंवा वाद झाला तर कोणी तरी बाजूने बोलेल. जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटर उंची, वाटेपासून चार-पाच मीटर, आणि तोंड वाटेला काटकोनात नको, तिरपं, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. समोरचं गवत दोन मीटर तरी कापा. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याची लाल मिणमिण दिसणाऱ्या ८५० नॅनोमीटरच्या कॅमेऱ्यापेक्षा न दिसणारा ९४० वाला घ्या. रात्रीचा फोटो थोडा अंधुक येतो, पण अस्वल त्याकडे वळत नाही. वळलं तर चावतं, म्हणून लोखंडी पेटी हवीच, नुसता पट्टा पुरत नाही. तंबाखू मळलेल्या किंवा भजी खाल्लेल्या हातांनी कॅमेरा लावू नका.

आता ऊन. हे यंत्र अंगाची उष्णता आणि मागच्या पार्श्वभूमीची उष्णता यांतला फरक पकडतं. मे महिन्यात दुपारी दगड तापून अंगाइतकाच गरम होतो. समोरून अस्वल गेलं तरी कॅमेरा गप्प, आणि वाऱ्याने तापलेलं गवत हललं की हजार फोटो. पाच दिवसांत कार्ड भरून जातं. इलाज इतकाच, की तोंड उत्तरेकडे, समोरची जागा दिवसभर सावलीतली, आणि वेळ संध्याकाळी सहा ते सकाळी आठ एवढीच लावलेली. पाणवठ्यावर अगदी काठाला लावू नका. उन्हाळ्यात एकच डबकं उरलेलं असतं आणि सेल बदलायला तुम्ही सारखे तिथे गेलात तर जनावर रात्रभर लांब थांबतं. पंधरा दिवसांतून एकदा, भर दुपारी, दोघांनी मिळून जा. कपारीच्या तोंडाशी कधीच लावू नका.

विहिरीत पडलेल्या अस्वलाचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी भरपूर, त्यामुळे हे होतच राहणार. आणि दर वेळी काठावर दोनशे माणसं, तेवढेच मोबाईल. विहिरीत पाणी असेल तर पहिलं काम त्याला टेकायला काही तरी देणं. उलटी खाट चारही कोपऱ्यांना दोर बांधून सोडा, किंवा ओंडका, नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरलेली ट्यूब. पोहून दमलेलं जनावर बुडायला वेळ लागत नाही. मग वन विभागाच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे लाकडी शिडी तिरकी सोडायची आणि सगळ्यांनी निघून जायचं. निघून म्हणजे शंभर मीटर तरी, लाईट बंद, डोंगराची बाजू पूर्ण मोकळी. वर माणसांचा आवाज असेपर्यंत अस्वल शिडीला तोंड लावत नाही. शांतता झाली की बहुतेक वेळा अंधारात स्वतःच चढून जातं. अडतं ते शिडीपायी नव्हे, काठावर शेवटपर्यंत थांबलेल्या पाच जणांपायी. उसात किंवा गोठ्यात अडकलेल्या अस्वलाचंही असंच. गोल कडं करून उभे राहिलात तर त्याला वाट तुमच्यातूनच काढावी लागते. फटाके आणि दगड यांनी फक्त ते कोणाच्या अंगावर जाणार एवढंच बदलतं.

एवढं करूनही अंगावर आलंच तर पळू नका, झाडावर चढू नका. ते दोन्ही तुमच्यापेक्षा चांगलं करतं. काठी, तिपाई, बॅग, जे हातात असेल ते मध्ये धरा. खाली पडलातच तर पालथे व्हा, तोंड जमिनीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, पाठीवर सॅक असेल तर ती काढू नका, आणि ते लांब जाईपर्यंत हलू नका. शाळेतल्या गोष्टीतल्या मित्राने मेल्याचं सोंग घेतलं होतं, ते इतपत खरं आहे. उताणं मात्र पडायचं नाही.

जखमीला मदत करणाऱ्यांसाठी थोडं. टाळूची कातडी लोंबत असेल तर कापू किंवा ओढू नका. जागेवर आणून स्वच्छ कापडाने दाबून बांधा. चेहऱ्याला इजा असेल तर माणसाला उताणं निजवू नका, कुशीवर ठेवा, नाहीतर रक्त घशात जातं. हळद, चुना, चहापूड काहीही भरू नका. रक्त थांबत असेल तर उघड्या जखमा साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात धनुर्वातासोबत रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं सीरम दोन्ही मागा. अस्वलाच्या चाव्यालाही ते लागतं, हे कधी कधी तिथेही आठवून द्यावं लागतं. त्याच दिवशी वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्या, नाहीतर भरपाईच्या कागदांत महिने जातात.

आणि फोटो टाकताना. मोबाईलमध्ये लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर जागेची नोंद पुसली जाते, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. मूळ फाईल मागणाऱ्यांना हे नेमकं माहीत असतं. मागे देवळाचा कळस, पवनचक्की किंवा गावाची पाटी दिसत असेल तर कापा. गाव लिहू नका, तालुका पुरे, आणि तोही महिन्याभराने.

त्या ऐवजी दिसल्याबरोबर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर सांगा, आणि सांगताना नुसतं ‘अस्वल दिसलं’ म्हणू नका. गाव, शिवाराचं नाव किंवा गट नंबर, किती वाजता, कोणत्या दिशेने गेलं, सोबत पिल्लं आहेत का, जखमी वाटतं का. मग गावातल्या पोलीस पाटलाला एक फोन, म्हणजे पहाटे त्या बाजूला जाणाऱ्यांना निरोप पोचतो.

कळावे,
अजिंठा डोंगर आणि किनवट-माहूर भागात अस्वलांची नोंद ठेवणारे काही छायाचित्रकार

प्रत : संबंधित वनपरिक्षेत्र अधिकारी, डोंगरकडेच्या ग्रामपंचायती

ता. क. लेन्सखाली ठेवायच्या पिशवीत दीड-दोन किलो ज्वारी भरा, वाळूपेक्षा ती चांगली बसते. शेंगदाणे किंवा फुटाणे भरू नका, वास लांब जातो. आणि पावसाळ्याआधी ज्वारी बदला, नाहीतर पोरकिडे होतात.